बियाण्यातली कॅसेट

माझ्या आईचा एकही फोटो नाही. मी दोन वर्षांची असताना ती गेली. त्या काळी आमच्या गावातून फोटो काढायला जायचं म्हणजे बैलगाडीनं अख्खा दिवस मोडायचा. रोवणी-कापणीत कुणाला सवड नसायची आणि एरवी कुणाला ते सुचायचं नाही. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी एक कॅलेंडर होतं, आई मात्र कुठेच नव्हती. तिचं जे काही उरलं होतं ते चार ओळींत, आणि त्या चार ओळी होत्या माझ्या मोठ्या मायच्या गळ्यात.

मोठी माय म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आईमागं मला आणि माझ्या भावाला तिनंच वाढवलं. मार्कंड्यापासून कोसा-दीड कोसावरचं आमचं गाव, सगळं धानाचं. धानाच्या शेताला आम्ही बांधी म्हणतो. पऱ्ह्यातून, म्हणजे रोपांच्या वाफ्यातून, उपटलेली रोपं चिखलात लावायची, ती रोवणी. वीस-पंचवीस बाया कमरेत वाकून एका ओळीत मागं मागं सरकत रोवत असतात, आणि ओळीची पहिली बाई गाणं सांगते. आमच्या गावात ती पहिली बाई कैक वर्षं मोठी माय होती.

हे गाणं बाकी कुठं मी ऐकलं नाही. गावात नवी सून आली आणि पहिल्यांदा बांधीत उतरली की तिच्यावर एक कडवं बांधायचं. ती कुठल्या गावची, पहिल्या दिवशी चिखलात काय केलं, कुणाला काय बोलली, सगळं त्यात. सुरुवातीची काही कडवी मोठ्या मायच्या सासूनं केलेली, पुढची तिची स्वतःची. गाणं सांगणारी तेवढी टोकाला, बाकी सुना ज्या क्रमानं गावात आल्या त्याच क्रमानं ओळीत उभ्या राहत आणि त्याच क्रमानं कडवी येत. एखादी बाई वारलेली असली तरी तिचं कडवं चुकत नसे. ते आलं की शेजारणीनं तिच्या नावाचं एक रोप जास्तीचं लावायचं. आणि एका रोवणीत एका बाईचं कडवं एकदाच. कितीही आग्रह करा, दुसऱ्यांदा नाही.

माझ्या आईचं कडवं एकोणिसावं.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल. मी शेजारच्या तालुक्यात प्राथमिक शाळेवर मास्तरीण होते आणि माझ्या नाकावर राग असे, मोकळं हसू क्वचितच, हे माझे विद्यार्थी आजही सांगतात. त्या उन्हाळ्यात मोठ्या मायच्या गळ्याला गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काळजीचं कारण नाही, दिवाळीनंतर काढून टाकू. पण गाठ अशा जागी आहे की आवाजाची खात्री देता येत नाही.

मोठी माय दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाली, "बोलाले आलं म्हंजे झालं. गानं काय, रोवनीपुरतंच त लागते." माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं. बाईला अक्षरओळख नव्हती. एकसष्ट सुना तिच्या गळ्यात होत्या आणि त्यांत माझी आई होती.

भाऊ आलापल्लीला लाकूड डेपोत कारकून होता. त्याला मी बोलावून घेतलं आणि आमचा पहिला वाद तिथंच झाला. माझं म्हणणं, वहीत उतरवून घ्यायचं. चांगली दोनशे पानी वही, जाड पुठ्ठा, निळी शाई. लिहिलेलं टिकतं, हे मी रोज चाळीस पोरांना सांगत होते. भाऊ म्हणाला, "वहीत चाल कुठी लिवशीन? टेप करू." त्यानं नुकताच टेपरेकॉर्डर घेतला होता आणि त्यावर काय काय करता येईल याचेच बेत तो करत असे. मी म्हटलं, फितीचा काय भरवसा? शेवटी दोन्ही करायचं ठरलं, म्हणजे दोघंही आपलंच खरं म्हणायला मोकळे.

कॅसेट घ्यायला आम्ही चंद्रपूरला गेलो. दुकानदार दिवसभर गाण्यांच्या कॅसेटी भरून द्यायचा आणि स्वतः मात्र शांततेला भुकेला दिसायचा. मी नव्वद मिनिटांची मागितली. जास्त मावेल, असा माझा मास्तरी हिशेब. त्यानं ती माझ्या हातून काढूनच घेतली.

"नव्वदवाली नका घेऊ बाई. तिची फीत पातळ राह्यते. आपल्याकडच्या गर्मीत ताणते, मंग रोलरले गुंडाळते. जपून ठेवाचं हाय न? साठवाली घ्या. आन् हे पाहा, हिले चार स्क्रू हायत. चिपकवलेली घ्याल त बिघडल्यावर खोलाचे वांदे."

मग त्यानं तासभर शिकवणीच घेतली. भरून झालं की मागचे दोन खुंट तोडायचे, म्हणजे कुणाला वरून दुसरं काही भरता येत नाही. वर्षातून एकदा पूर्ण फिरवायची. स्पीकरवर ठेवायची नाही, उन्हात नाही, ओलीत नाही. एक प्रत काढायची आणि दोन्ही एका घरात ठेवायच्या नाहीत. मला त्याचा राग येत होता, कारण तो माझ्याहून चांगला शिकवत होता.

घरी येऊन आम्ही ओसरीत चटई टाकली, टेप मधोमध ठेवला, कोंबड्या हाकलल्या. मोठी माय नवं लुगडं नेसून बसली, जणू फोटो काढायचाय. भावानं बटण दाबलं. तिनं तीन कडवी म्हटली, चौथ्याची पहिली ओळ म्हटली आणि थांबली.

"काऊन वं?" मी विचारलं.

"आठवून नाई राह्यलं."

पुन्हा सुरू केलं, पुन्हा चौथ्यावर गाडी अडली. मोठी माय आपल्या हातांकडे पाहत होती. मग म्हणाली, "हात रिकामे हायत. रिकाम्या हातानं कसं येईन?" भावानं परसातून मेथीची जुडी आणून तिच्या हातात दिली. तिनं ती चटईवर एकेक काडी करत रोवायला सुरुवात केली, आणि काय सांगू, सहाव्या कडव्यापर्यंत गाणं आलं! पण सातवी सून मेथीत सापडेना. शेजारी ती बाई उभी नाही, पायाखाली चिखल नाही, मग कडवं कशावर बसणार? भाऊ खो खो हसला, मी वैतागून टेप बंद केला, आणि संध्याकाळी आम्ही मेथीची भाजी खाल्ली.

तेव्हा रोवणीची वाट पाहणं आलं. आषाढात बांध्या भरल्या तशी मी रजा टाकून गावी आले. टेप प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात माईक. बायांना मी आदल्या दिवशीच बजावलं होतं, कडवं संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. एकसष्ट सुनांच्या गावाला मी इयत्ता तिसरीसारखं धाकात घेतलं होतं, आणि त्यांनीही ऐकून घेतलं, कारण प्रत्येकीला आपलं कडवं त्या डब्यात हवं होतं.

रोवणाऱ्या बाया मागं सरकतात. म्हणजे मलाही त्यांच्यामागं मागंच चालावं लागे, नाहीतर लावलेली रोपं तुडवली जात. पोटऱ्यांपर्यंत चिखल, वर पावसाची झड, आणि गुरुजींचं काम करणारी ही बाई उलटी चाललेली. मोठी माय वाकली, पहिलं रोप लागलं आणि तिचा आवाज सुटला. घरातल्या चटईवरचा आवाज आणि हा, यांत काही नातंच नव्हतं. एकामागून एक सुना येऊ लागल्या. ज्या ओळीत होत्या त्या आपलं कडवं आलं की लाजून आणखी खाली वाकत. ज्या नव्हत्या त्यांच्या नावाचं रोप शेजारीण लावत होती.

एकोणिसावं कडवं आलं. मी श्वास धरून माईक पुढं केला.

"राजुऱ्याची सून आली, लुगडं नेसून कोरं,
चिखलात बसली बाई, जसं रांगतं पोरं,
उठता उठता पडली आन् पडता पडता हासली,
मालक वरडे धुऱ्यावरून, रोवनी कोनं नासली!"

ओळीतली आईची शेजारीण आता साठीला आलेली. तिनं आईच्या नावाचं रोप लावलं, मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि ती भरल्या बांधीत फतकन बसली. आई बसली होती तशी, हे दाखवायला. कमरेपर्यंत चिखल, तोंडावर शिंतोडे, आणि उठायला जाते तर पुन्हा बसते.

सगळ्या बाया माझ्या धाकानं ओठ दाबून गप्प राहिल्या. हसले ती मी. एकदा सुटलं ते आवरेना. छत्री वाकडी झाली, माईक हलला, डोळ्यांतून पाणी आलं तरी मी हसतेच आहे. मोठी माय वर न पाहता विसाव्या कडव्यावर गेलीसुद्धा.

दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, भाकर खाताना मी तिच्या विनवण्या केल्या. "मोठी माय, तेवढं एक पुन्हा म्हण. मीच घाण केली त्यात."

"एका रोवनीत एकदाच."

"अवं, पण पुढच्या रोवणीला तुझा आवाज..."

"राह्यला त म्हनीन. नाई राह्यला त हायेच न डब्यात." आणि तिनं भाकरीचा तुकडा मोडला. मला इतका राग आला, तिचा नाही, माझाच. जगात आईच्या म्हणून चार ओळी होत्या आणि त्यांच्यावर मी माझं खिदळणं सांडून ठेवलं होतं.

एकसष्ट कडवी दोन्ही बाजू मिळून बरोबर मावली. चंद्रपूरच्या त्याच दुकानात प्रत काढली, खुंट तोडले. प्रत भावाकडे आलापल्लीला, मूळ कॅसेट आणि वही माझ्याकडे. वहीत मी कडवी कॅसेटवरून ऐकून सुंदर अक्षरात उतरवली, आणि एकोणिसाव्यापुढं हसण्याचा उल्लेख अर्थातच केला नाही.

दिवाळीनंतर नागपूरला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. गाठ गेली आणि डॉक्टर म्हणाले तसं आवाजानंही गाशा गुंडाळला. राहिला तो घोगरा, जाडाभरडा, पुरुषी. बोलता येई, सूर लागत नसे. मी रडले, तर घोगऱ्या आवाजात मलाच म्हणते, "काऊन रडून राह्यली? आता बुढ्यालेबी वाटन घरात दुसरा मानूस आला." मोठे बाबा, म्हणजे तिचा नवरा, महिनाभर दचकत होते.

थंडीत मी शाळेच्या खोलीतली लाकडी पेटी उघडली. वरून वही जशीच्या तशी. उचलली तर आतून नुसता मातीचा भुगा. वाळवीनं पुठ्ठा तेवढा शिष्टाचारापुरता ठेवला होता. पत्र्याच्या डब्यात होती म्हणून कॅसेट वाचली. ही बातमी मोठ्या मायला कळली आणि ती एसटीनं थेट माझ्या शाळेत हजर झाली. वर्गासमोर म्हणाली, "दे इकडे. तुले ठेवता येत नाई."

"कुठं ठेवणार तू?"

"बियान्यात."

तिचं म्हणणं असं की घरातल्या कुठल्याही वस्तूला कुणाचा ना कुणाचा हात लागतो, पण बियाण्याच्या ढोलीला लागत नाही. बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, तोंड बंद केलेली कणगी. आत वाळवलेलं धान, वर कडूनिंबाचा पाला. ओल नाही, उंदीर नाही, वाळवी नाही. उपास पडला तरी त्यातलं धान कुणी कांडत नाही. मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण चंद्रपूरच्या दुकानदारानंही याहून चांगली जागा सुचवली नसती. लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून कॅसेट धानात गेली.

मे महिन्यात भावाचं पत्र आलं. त्यात पहिल्यांदा सगळ्यांची खुशाली होती, मग पावसाचा अंदाज होता, आणि शेवटच्या ओळीत त्यानं लिहिलं होतं की मित्रांना ऐकवायला नेलेली कॅसेट डेपोच्या जीपमध्ये काचेजवळ राहिली आणि पापडासारखी वाकडी झाली. मी त्याला चार पानी उत्तर लिहिलं. ते पत्र त्यानं जपून ठेवलं नाही, हे बरं झालं. आता राहिली होती फक्त बियाण्यातली.

मृग लागला. पहिल्या सरी पडून गेल्या तशी बियाणं भिजवायची घाई सुरू झाली. आमच्याकडे बियाणं आधी मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट वर येतं ते काढायचं, मग पोत्यात भरून रात्रभर भिजत ठेवायचं. शाळा अजून उघडायची होती, म्हणून मी गावी होते आणि भाऊही दोन दिवसांसाठी आला होता. सकाळी मोठी माय पोतं उलटं करून धान पसरत होती. धानातून एक चिंधी निघाली. तिनं ती उचलली, पिळली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय पिळतोय.

एकसष्ट सुना, त्यांची माहेरं, त्यांचे पहिले दिवस तोंडपाठ असलेली बाई. आपण स्वतः बियाण्यात काय ठेवलंय, हे तेवढं विसरली होती. ती मटकन खाली बसली. त्या घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाली, "पोरी, तुह्या मायले म्या बुडवलं."  तिला मी तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

भाऊ मात्र स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. चार स्क्रू निघाले, कॅसेट शिंपल्यासारखी उघडली. आधी मीठ घालवायचं म्हणून उकळून गार केलेल्या पाण्यातून फीत हळूहळू फिरवली. मग ती वाळवायची कशी? गुंडाळी तशीच ठेवली तर आत ओल राहणार. शेवटी गोठ्याच्या सावलीत या खांबापासून त्या खांबापर्यंत फीत पसरायला घेतली. साठ मिनिटांची फीत किती लांब असते, हे पसरल्याशिवाय कळत नाही. येरझारा घालून आमचे पाय दुखले. गोठा भरला, मग अंगण, मग शेजारच्या अंगणातला मांडवही.

गावात हां हां म्हणता बातमी पसरली. बाया येऊ लागल्या. सगळ्यांत जुनी सून म्हणाली, "माहं कडवं कुठी हाय यात?" भाऊ गमतीनं म्हणाला, पहिलं असेल ना, मग त्या टोकाला. झालं! बाई त्या टोकाला जाऊन बसली आणि कोंबड्या हाकलू लागली. दुसरी तिच्याशेजारी. तिसरी, चौथी. रोवणीच्या ओळीसारख्या सगळ्या सुना फितीच्या कडेनं क्रमानं बसल्या, आणि प्रत्येकीनं आपापल्या वाट्याच्या हातभर फितीची राखण सुरू केली. एक बकरीचं पिलू तेराव्या कडव्याकडे तोंड घेऊन गेलं तर त्या बाईनं अशी आरोळी ठोकली की पिलू दिवसभर परत आलं नाही. एकोणिसाव्या जागी कोण बसणार, असं कुणी विचारलं नाही. आईची शेजारीण दोन माणसांची जागा अडवून बसली होती.

दुसऱ्या दिवशी मऊ कपड्यातून पुसत पुसत पेन्सिलीनं फीत परत गुंडाळली. स्क्रू लावले. संध्याकाळी ओसरीत मोठी माय, भाऊ आणि मी बसलो. भावानं बटण दाबलं. आधी खरखर आली, मग पावसाचा आवाज, आणि मग तिचा आवाज! थोडा हेलकावे खाणारा, मधेच एखादं अक्षर गिळणारा, पण तिचाच. मी आणि भाऊ लहान पोरांसारख्या टाळ्या पिटत होतो. मोठी माय डोळे मिटून ऐकत होती आणि तिचे हात मांडीवर रोपं लावत होते.

एकोणिसावं कडवं आलं. राजुऱ्याची सून आली, चिखलात बसली, पडली, हासली. फतकन आवाज झाला. आणि मग ते माझं लाजिरवाणं हसणं सुरू झालं. मी मान खाली घातली.

मोठ्या मायनं डोळे उघडले. "थांबव. मांगं घे. पुन्हा लाव."

भावानं पुन्हा लावलं. ती टेपजवळ सरकली, कान अगदी जाळीला लावला.

"मोठी माय, ती मी आहे गं," मी म्हटलं. "मीच नासवलं ते."

"तू नोहे वं." तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "थे तुही माय हाय. असीच हासे थे. वाकून रोवताना म्या ध्यान नाई देल्लं. कडव्यात म्या नुसतं 'हासली' म्हनलं. कसी हासली थे काई मले बांधता आलं नाई."

 भावानं, जो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा आणि ज्याला आई थोडीफार आठवत असावी, हळूच मान हलवली.

मग मी स्वतः बटण दाबून फीत मागं घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आईला हसताना ऐकलं.